रुजू झाल्यानंतरची भीती

नोकरी मिळेपर्यंतच्या वाटेबद्दल परभणी जिल्ह्यात भरपूर बोलले जाते. कोणती शिकवणी लावायची, पुण्यात खोली कुठे स्वस्त मिळेल, भरतीची जाहिरात कधी निघेल, कटऑफ कितीवर थांबेल, ही चर्चा सेलू-जिंतूरच्या चहाच्या टपरीपासून पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेपर्यंत अखंड चालू असते. नोकरी लागली की पेढे वाटले जातात, चौकात अभिनंदनाचा फलक लागतो आणि बोलणे तिथेच थांबते. त्यापुढचे पहिले सहा महिने मात्र ज्याचे त्याने एकट्याने काढायचे असतात. त्या काळात अनेकांना एकच भीती छळते. आपण इथे चुकून आलो, निवड करणाऱ्यांची फसगत झाली, बाकीच्या सगळ्यांना सगळे येते आणि आपल्यालाच येत नाही, आणि आज ना उद्या हे उघडे पडणार. ही भीती घरी सांगता येत नाही, कारण घरच्यांनी पेढे वाटलेले असतात. कार्यालयात तर ती सांगायचा प्रश्नच नसतो.

या अवस्थेचे नेमके वर्णन 1978 साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी केले. त्यांनी अभ्यासलेल्या दीडशेहून अधिक स्त्रिया कर्तबगार होत्या, त्यांच्याकडे पदव्या होत्या, आपापल्या क्षेत्रात मान होता. तरीही आपले यश नशिबाचे किंवा कुणाच्या तरी चुकीमुळे मिळालेले आहे, असे त्या मनोमन मानत. क्लान्स आणि आइम्स यांनी याला आजार म्हटले नव्हते, आणि मनोविकारांच्या अमेरिकी निदानसूचीत आजही त्याला जागा नाही. 'इम्पोस्टर सिंड्रोम' हे नाव पुढे रूढ झाले आणि नावाबरोबर रोगाची कल्पना आली. 2020 साली या विषयावरच्या 62 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या 14 हजारांहून अधिक लोकांमध्ये या भावनेचे प्रमाण कुठे 9 टक्के, तर कुठे 82 टक्के आढळले, आणि हा फरक बराचसा कोणती प्रश्नावली वापरली यावर अवलंबून होता. दहांत एक की दहांत आठ, हेच जिथे ठरत नाही तिथे रुग्ण मोजून काही हाती लागत नाही. तरीही एकदा रोग म्हटला की औषध रोग्यालाच द्यायचे ठरते, म्हणून सल्ला नेहमीचाच असतो: आत्मविश्वास वाढवा, सकारात्मक विचार करा. माझे म्हणणे वेगळे आहे. ही भीती म्हणजे अपुऱ्या आणि एकतर्फी पुराव्यावरून काढलेला चुकीचा निष्कर्ष आहे. तो दुरुस्त करायचा तर पुरावा वाढवावा लागतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तो पुरावा बहुतांशी वरिष्ठांच्या, सहकाऱ्यांच्या आणि संस्थेच्या हातात असतो.

पुरावा एकतर्फी कसा होतो, हे डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांच्या 1987 सालच्या एका प्रयोगात स्वच्छ दिसते. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना मुद्दाम दुर्बोध लिहिलेला लेख वाचायला दिला आणि सांगितले की, काही अडले तर शेजारच्या खोलीत येऊन विचारा. कुणीही गेले नाही. आपण का गेलो नाही, याचे बहुतेकांचे कारण 'लाज वाटली' असे होते. इतर का गेले नाहीत, यावर मात्र बहुतेकांचा अंदाज असा की, त्यांना लेख कळला असावा. कृती सगळ्यांची सारखीच होती, पण स्वतःच्या गप्प राहण्याचा अर्थ अज्ञान आणि दुसऱ्याच्या गप्प राहण्याचा अर्थ ज्ञान, असा लावला गेला. नव्या माणसाच्या पहिल्या बैठकीत हेच घडते. हिंजवडीतल्या कंपनीत कुणी इंग्रजी आद्याक्षरांनी भरलेले वाक्य बोलतो आणि सगळे मान डोलावतात. पंचायत समितीत कुणी एखाद्या शासन निर्णयाचा नुसता उल्लेख करतो आणि सगळे 'हो साहेब' म्हणतात. स्वतःच्या मनातला गोंधळ आपल्याला आतून ऐकू येतो, समोरच्याची फक्त डोलणारी मान दिसते. अशा दोन असमान गोष्टींची तुलना केली तर प्रामाणिक, विचारी माणूससुद्धा आपण कमी आहोत याच निष्कर्षाला येईल. त्यात मनाचा दुबळेपणा शोधण्याची गरज नाही.

परभणीहून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत या सर्वसाधारण चुकीवर आणखी थर चढतात. हा जिल्हा 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारदरबारची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा इथल्या शिकलेल्या पिढीला कचेरीची रीत नव्याने शिकावी लागली. नोकऱ्या आणि शिक्षणात प्रदेशाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, असे 1953 सालच्या नागपूर कराराने मान्य केले होते. पुढे 1984 साली दांडेकर समितीने तालुक्या-जिल्ह्यांची तूट मोजली आणि तेव्हापासून मराठवाड्याचे नाव सरकारी कागदावर बहुधा अनुशेषाच्या आकड्याशेजारीच येते. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे 82 टक्के, तर परभणी जिल्ह्याची सुमारे 73 टक्के होती. याचा एक साधा अर्थ असा की, इथल्या पुष्कळ घरांत आई, वडील, काका, मामा यांपैकी कुणीही पगारी कार्यालय आतून पाहिलेले नसते. रजेचा अर्ज कसा लिहायचा, वरिष्ठांचे म्हणणे चूक वाटले तर ते कोणत्या शब्दांत सांगायचे, 'जमेल तेव्हा द्या' याचा अर्थ आज संध्याकाळी की पुढच्या आठवड्यात, या गोष्टी पुण्या-मुंबईतल्या नोकरदार घरातल्या मुलांना जेवणाच्या ताटावर कळलेल्या असतात. गंगाखेड किंवा पालमच्या मुलीला त्या वयाच्या बाविसाव्या वर्षी, अनोळखी लोकांसमोर, चुका करत शिकाव्या लागतात. तिच्यात कमी असते ते माहितीचे, आणि ती समजते की आपल्यात कुवतच नाही.

भाषेचा जाच याहून रोजचा आहे. 'मी करायलो', 'ते यायलेत' ही परभणीच्या बोलीतली नेहमीची रूपे पुण्यातल्या कार्यालयात कानावर पडली की आजूबाजूला हसू फुटते. बहुतेक वेळा ते हसू दुष्ट नसते, पण त्याचा परिणाम होतो. बोलण्याआधी वाक्य मनात तपासून घेण्याची सवय लागते, तपासता तपासता बोलायची वेळ निघून जाते आणि गप्प बसणारा माणूस 'याला विषय कळत नाही' अशा नजरेने पाहिला जातो. इंग्रजीचे ओझे तर त्याहून वेगळे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण छाती फुगवून म्हणतो आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हेही आपल्याच तोंडी असते. पहिल्या म्हणीतली परभणी जगाच्या पंक्तीत बसते. दुसऱ्या म्हणीत ती काहीच जमले नाही तर गाठायचे ठिकाण होते. घरून निघताना पहिली म्हण सोबत असते, पण नव्या कार्यालयातल्या पहिल्या चुकीनंतर आठवते ती दुसरी.

आपण कोण आहोत याची जाणीव करून दिल्याने माणसाचे काम खरोखर बिघडते का, याचा भारतातला पुरावा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. त्यांचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. मुलांची जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर मात्र खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीय घटली. मुले तशीच होती, कोडी तशीच होती. आपल्याकडे 'कोट्यातून आलाय' हे वाक्य नव्या सहकाऱ्याच्या पाठीमागे, कधी तोंडावरही, जितक्या सहज उच्चारले जाते तितक्याच सहज हा प्रयोग रोज नव्याने घडत असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या तोडीचे शिक्षण त्या कचेरीत कुणाचे असण्याची शक्यता फार कमी होती. तिथे शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत, आणि ज्या पारशी विश्रामगृहात ते नाव लपवून राहिले तिथून अकराव्या दिवशी त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांना आपल्या योग्यतेविषयी शंका होती, असे त्यांच्या आठवणींत कुठेही दिसत नाही. तरीही ती नोकरी टिकू शकली नाही. वंचित समाजातून आलेल्या आजच्या नव्या कर्मचाऱ्याला आत्मविश्वासाचे वर्ग घ्या म्हणणाऱ्यांनी बडोद्याचे हे उदाहरण जरूर आठवावे. जिथे दोष कचेरीचा आहे, तिथे उपचार त्या माणसावर करून चालणार नाहीत.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, हे सगळे पोट भरलेल्यांचे दुखणे आहे. ज्या जिल्ह्यात सोयाबीन-कापसाच्या भावावर घरे चालतात आणि पदवीधर वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहतात, तिथे नोकरी मिळालेल्याच्या मनातल्या शंकेचे कौतुक कशाला? आक्षेपामागचा राग मला समजतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. नोकऱ्या कमी आहेत म्हणूनच मिळालेली नोकरी भीतीपोटी सुटणे आपल्याला परवडत नाही. शंका विचारायला घाबरणारा नवखा चूक लपवतो, लपवलेली चूक मोठी होते आणि मग खरोखरच त्याच्यावर ठपका येतो. बढतीची संधी आली तर तो अर्ज करत नाही. प्रशिक्षणाला नाव द्यायचे असेल तर मागच्या रांगेत बसतो. काहीजण राजीनामा देऊन परत येतात आणि घरच्यांना 'हवा मानवली नाही' म्हणून सांगतात. एका मुलाला नोकरीपर्यंत पोचवण्यासाठी जिथे कुटुंबाने जमीन गहाण टाकलेली असू शकते, तिथे या भीतीची किंमत पैशात मोजता येते. सुखवस्तू घरातला मुलगा एक नोकरी सोडून दुसरी धरू शकतो. सोनपेठच्या मुलाकडे अशी दुसरी संधी बहुधा नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक शंका खोटी नसते. काहींना काम खरेच येत नाही, आणि आपल्या कार्यालयांत न्यूनगंडापेक्षा फाजील आत्मविश्वासाचा सुळसुळाट जास्त आहे, असे कुणी म्हटले तर ते खोडून काढणे कठीण आहे. शिवाय थोडी शंका उपयोगीही असते. बसिमा तौफिक यांच्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, आपल्याविषयी इतरांचा अंदाज जास्तच चांगला आहे असे ज्यांना वारंवार वाटते, त्यांचे सहकाऱ्यांशी वागणे अधिक चांगले असल्याचा शेरा वरिष्ठांनी दिला होता, आणि त्यांचे काम इतरांपेक्षा कमी प्रतीचे ठरले नाही. शिकाऊ डॉक्टरांच्या बाबतीतही रुग्णाशी बोलणे सरस आणि निदान इतरांच्या बरोबरीचे, असेच आढळले. म्हणून माझा आग्रह शंका पुसून टाकण्याचा नाही, ती तपासून पाहण्याचा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे उदाहरण इथे चपखल बसते. 1972 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडी दिली, ज्वारीत 'परभणी मोती' दिले, आणि लोह-जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' 2018 साली शेतकऱ्यांपर्यंत आणली. यातले कोणतेही वाण पहिल्या आठवड्याच्या उगवणीवरून कुणी नापास केले नाही. नवे वाण वेगवेगळ्या ठिकाणी, एकाहून जास्त हंगाम, आधीचे चांगले वाण शेजारी पेरून तपासले जाते, आणि कशात सरस ठरायचे हे आधी ठरलेले असते. उत्पादन, रोगाला तोंड देण्याची ताकद, दाण्याची प्रत, जे काही असेल ते. अशी चाचणी नव्या माणसाला मिळाली तर ज्याला काम येते त्याची भीती ओसरेल, आणि ज्याला येत नाही त्याला नेमके काय येत नाही ते कळेल. फाजील आत्मविश्वास असलेल्याचे पितळही याच कसोटीवर उघडे पडेल. अडचण अशी की, बहुतेक कार्यालयांत निकषच सांगितलेले नसतात. 'हुशार आहे', 'कामाचा नाही' असे शेरे हवेतून येतात आणि नवखा माणूस आपला हंगाम कधी संपला हे न कळताच नापास होतो.

नवख्याच्या स्वतःच्या हातात काहीच नाही, असे मी म्हणत नाही. तुलना कुणाशी करायची, हे त्याने निवडावे. पंधरा वर्षे त्याच टेबलावर बसलेल्या माणसाशी आपली तुलना करणे व्यर्थ आहे. आपल्याबरोबर रुजू झालेल्याशी, आणि त्याहून बरे म्हणजे स्वतःच्याच पहिल्या आठवड्याशी ती करावी. त्यासाठी नोंद लागते. आज काय सोपवले, कुठे अडले, कुणाला विचारले, टिपणी कोणती दुरुस्ती होऊन परत आली. भीतीला चुका अचूक आठवतात आणि जमलेली कामे आठवत नाहीत, म्हणून कामाचा हिशेब तिच्या हाती देऊ नये. प्रश्नही लहान आणि नेमका असावा. 'मला हे काही समजत नाही' असे म्हटले की ऐकणारा माणसाबद्दल मत बनवतो. 'मागच्या अशा प्रकरणाची फाइल पाहायला मिळेल का' असे विचारले की तो फाइल काढून देतो. आणि आपल्या भागातून आधी गेलेल्या एखाद्या ताईला किंवा दादाला त्यांचे पहिले सहा महिने कसे गेले ते विचारावे. बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलेले नसतात.

या शेवटच्या सूचनेमागे चांगला पुरावा आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आपण इथले नाही असे जवळपास सगळ्यांनाच वाटते, आणि काही काळाने ते जाते, हे त्यांतून कळत होते. या तासाभराच्या उपक्रमानंतरच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेले त्यांचे अंतर निम्म्याने घटले. तो प्रयोग शंभरहून कमी विद्यार्थ्यांवरचा होता, म्हणून त्यावर सावधपणेच भिस्त ठेवावी. पण 2023 साली 22 संस्था आणि 26 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले ते असे की, जिथे नव्या गटाला खरोखर सामावून घेण्याची सोय होती तिथे या उपक्रमाचा उपयोग झाला, जिथे ती नव्हती तिथे झाला नाही. केवळ धीराचे शब्द पुरत नाहीत, हा निष्कर्ष आपल्या प्रेरणादायी व्याख्यानांच्या आयोजकांनी भिंतीवर लावावा इतका महत्त्वाचा आहे.

'आमच्या वेळी कुणी हात धरला नव्हता, तरी आम्ही तरलो' असे ज्येष्ठ अधिकारी म्हणतात, आणि ते खरेच बोलतात. बी. रघुनाथ यांच्यासारखा परभणीचा माणूस निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत मराठी साहित्यात आपली जागा करून गेला, तेव्हा त्याला कुणी मार्गदर्शक नेमून दिला नव्हता. पण तरलेले लोक आपल्यासमोर असतात, म्हणून त्यांची साक्ष मिळते. जे परत आले, जे कोपऱ्यातल्या टेबलावर तीस वर्षे गप्प बसले, ज्यांनी बढतीचा अर्ज केलाच नाही, त्यांची साक्ष कुणी घेतलेली नाही. तरलेल्यांची संख्या सांगून पूल नको म्हणता येत नाही.

असा पूल बांधायला एक जागा तयारच आहे. राज्याने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी झालेल्यांना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8 हजार आणि पदवीधरांना 10 हजार रुपये महिना विद्यावेतन, आणि सुरुवातीला सहा महिन्यांची मुदत. हजारो तरुणांसाठी कार्यालयाचा उंबरठा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ ठरली. अशा प्रशिक्षणार्थ्याला पहिल्याच दिवशी लेखी सांगता येईल की, सहा महिन्यांअखेर तुला ही चार कामे स्वतंत्रपणे यायला हवीत, अडल्यावर विचारण्यासाठी ही एक व्यक्ती आहे, आणि दर महिन्याला कामाबद्दल तुला समोरासमोर सांगितले जाईल. याला वेगळा निधी लागत नाही. जिल्हा परिषद, तहसील, बँकांच्या शाखा, परभणीतली महाविद्यालये यांना हे येत्या भरतीपासूनच करता येईल. नव्याने निवडून आलेल्या महिला सरपंचांच्या बाबतीत तर पहिल्या दिवसापासूनची अशी साथ तातडीची आहे. 2011 पासून राज्यात पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निवडून आलेली बाई बैठकीला बसते आणि ग्रामसेवकापासून ठेकेदारापर्यंत सगळे तिच्या नवऱ्याशी बोलतात. या खुर्चीवर आपण नावापुरत्याच आहोत हे तिला कुठून कळते, याचे उत्तर त्या खोलीतच आहे. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांच्या अभ्यासात दिसले की, जिथे लागोपाठ दोन मुदती सरपंचपद स्त्रीसाठी राखीव राहिले, तिथे मुलींच्या स्वतःबद्दलच्या आणि आईवडिलांच्या मुलींबद्दलच्या अपेक्षा मुलग्यांच्या जवळ आल्या. पहिल्या मुदतीतल्या बाईला मात्र असे कुणी आधी पाहायला मिळालेले नसते. पंचायत समितीच्या बैठकीत गटविकास अधिकाऱ्याने तिचे नाव घेऊन, तिच्याकडे पाहून, पहिला प्रश्न तिलाच विचारावा, आणि उत्तर नवऱ्याकडून आले तर तो प्रश्न पुन्हा तिलाच विचारावा.